दुकान सध्या बंद आहे

—अहो, उघडंच आहे दुकान, तुम्ही काय भिंतीतून आत आलात? समोर बसलाय की! पण हे त्या फोनवाल्यांना कोण सांगणार? सकाळपासून तेच— "शिलाई मशीन दुरुस्त करून हवी होती, नेटवर तुमचं दुकान सापडलं, पण बंद दिसतंय, कधी उघडणार?" कपाळ फोडून घेऊ का आता? दार सताड उघडं, पंखा गरगरतोय, मी तेलाचे हात घेऊन बसलेय, आणि जगाला दुकान बंद! म्हणून तर बोलावलं तुम्हाला. बघा ती वेबसाइट, आणि मला समजेल असं सांगा— मला मशीनमधलं सगळं कळतं, यातलं ढिम्म कळत नाही.

हं. म्हणजे सर्चचा तो— काय म्हणालात, क्रॉलर— तो माणूस नाही, प्रोग्रॅम आहे, आणि लिंक धरून एका पानावरून दुसऱ्या पानावर जातो. बरं, मग आमच्याकडे आहेत की पानं! दुरुस्ती, सुटे भाग, जुन्या मशीन, पत्ता— ही बघा, या चित्रात. चाकावर माउस नेला की चाक फिरतं आणि दुरुस्तीचं पान उघडतं, सुईवर नेला की सुटे भाग. धाकट्या भावाने केलंय सगळं. त्या चाकापायी जेवणाची शुद्ध नव्हती त्याला— काय? क्रॉलरला चाक फिरवता येत नाही? म्हणजे तो इथवर येतो, बघतो तर लिंकच नाही, आणि आल्या पावली परत? अहो, मग एवढं करून काय मिळवलं? मी तेव्हाच म्हटलं होतं, बाबा रे, साधी चार नावं लिही एकाखाली एक— तर मला म्हणतो, "ताई, तुला दृष्टी नाही." घ्या! आणि आता तोच फोन करून सांगतो, गिऱ्हाईक येत नाही तर विकून टाकू. आईने उभं केलेलं दुकान, विकून टाकू म्हणे! स्वतःच वाट बुजवायची आणि वर—

जाऊ दे. मग "बंद आहे" हे कुठून सापडलं त्या क्रॉलरला? तळाशी? कुठे... हो. ही ओळ. ही धाकट्याने दवाखान्यातून टाकली होती, मोबाइलवरून, घाईघाईत— चित्र नाही, चाक नाही, साधी लिंक. म्हणून तेवढीच सापडली? एवढ्या सगळ्यातलं हे एकच पान? "आई आजारी असल्यामुळे दुकान सध्या बंद आहे." तरीच! तरीच परवा एक बाई फोनवर विचारत होत्या, आई कशा आहेत आता? बऱ्या आहेत, म्हटलं. म्हणजे— काय सांगणार होते मी परक्या बाईला? थंडी पडायच्या आधीच गेली ती. नाही, काढलं नाही हे पान. त्यानेही काढलं नाही, मीही कधी म्हटलं नाही. बघताय काय माझ्याकडे, तुमचं काम करा. मला दुकान चालायला हवंय, बाकी काही नको. ते चित्र उडवा आधी, त्यानेच सगळा घोळ— अहो थांबा! हात काढा तिथून! उडवा म्हटलं की लगेच उडवायचं? ...राहू शकतं? चित्र ठेवून खाली साध्या लिंक देता येतात? मग हे आधी नाही का सांगायचं, जीव घेतलात माझा. द्या ओळीने— दुरुस्ती, सुटे भाग, जुन्या मशीन, पत्ता.

आणखी काय? चित्रात काय आहे ते शब्दांत लिहायचं, त्या क्रॉलरसाठी? लिहा की, शिलाई मशीन. चाकावर हात. कोणाचा म्हणजे? त्याला काय करायचंय कोणाचा... आईचा. आईचा हात आहे तो. धाकट्याने तिला इथेच, या खिडकीपाशी बसवून काढला फोटो, आणि ती सारखी म्हणत होती, अरे, नखांत तेल आहे, थांब, धुऊन येते.

नाही, तेल लिहू नका.

आणि ते पान— हो, काढावं लागेल, कळतं मला. काढल्यावरही सर्चमध्ये थोडे दिवस दिसेल म्हणता? दिसू दे. मी आत जाऊन हात धुते. मी आत असताना काढा. झालं म्हणून सांगायला हाक मारू नका मला, काम संपलं की निघा तुम्ही. आणि जाताना दार ओढू नका, उघडंच राहू दे.