उगवतीकडे तोंड

आमच्या नव्या संडासापायी काय तमाशा झाला होता, माहितीय? नाशिक रोडला घर बांधलं तेव्हाची गोष्ट. मिस्त्रीनं आदल्या दिवशी भांडं बसवून, खालचा वाकडा ट्रॅप आणि मैल्याच्या पाइपाचा जोड सिमेंटनं पक्का केला होता. सकाळी आम्ही सगळे रांगेत, सगळ्यांच्या पुढं आमचे हे, हातात टमरेल. तेवढ्यात कळवणहून आलेल्या सासूबाई आत डोकावल्या.

"अगं बया! उगवतीकडं तोंड? सूर्यनारायणापुढं बसायचं व्हय? ए मिस्त्री, फिरव ते भांडं!"

त्यांच्यापुढं कोणाचं काय चालणार? मिस्त्रीनं जोड फोडला, भांडं फिरवलं आणि कपाळावर हात मारला.

"आजी, आता ट्रॅपचं तोंड स्वयंपाकघराकडं आलं. पलीकडं तुमचा देव्हारा आहे. घाण तिकडं सोडू?"

सासूबाईंनी घाईनं देव्हाऱ्याकडं हात जोडले! भांडं पुन्हा होतं तसंच बसलं, जोडाला नवं सिमेंट लागलं. वर मिस्त्रीची ताकीद, "दिवेलागणीपर्यंत जोडावर थेंबभर पाणी पडता कामा नये."

तो दिवस कसा काढला, विचारू नका! शेजाऱ्यांकडं जायची ह्यांना लाज. नुसत्या अंगणात येरझाऱ्या. मधूनच आत जाऊन सिमेंटला बोट लावायचे आणि चडफडत परत यायचे.

शेवटी दिवे लागले तसे हे आत धावले. कडी लागते न लागते तोच सासूबाई दाराशी!

"बाळ्या, तोंड कुणीकडं केलंस रे?"

आतून हे ओरडले, "आई, तुझा सूर्यनारायण घरी जाऊन निजला! आता तरी मला बसू दे!"