केस बसेपर्यंत

मावशी? मावशी कुणाला म्हणतेस गं? तुझ्या-माझ्यात फार तर बारा-तेरा वर्षांचं अंतर असेल — ताई म्हण. तुझी आई मला पोरी म्हणायची. ह्याच खुर्चीत बसवून माझे केस कापायची आणि कापता कापता अख्ख्या गावाची बिनपाण्याने करायची. खुर्ची तीच ना? तीच. उजव्या हाताचं रेक्झिन तेव्हाही फाटलेलं होतं, आता त्यावर चिकटपट्टी आलीय — एवढीच काय ती ह्या गावाची प्रगती. काल चौकात सिग्नल पाहिला मी. एकटाच आपला लाल-हिरवा होत होता, कुणी बघत नव्हतं, खाली कुत्रं झोपलेलं. आई गं, हळू, कान आहे तो! गुंडाळ तू तुझे रोलर, पण आटप लवकर, मला नवरीच्या घरी पोचायचंय. हॉलवर नाही — घरी, ती निघायच्या आत. काय काम? आहे काम. दोन शब्द बोलायचेत तिच्याशी, समोरासमोर. त्यासाठीच तर आलेय, नाहीतर ह्या उन्हात, ह्या गावात, लग्नाला कोण येतं?

मी भिंगरी म्हणते तिला, तुम्ही काय म्हणता कुणास ठाऊक. शाळेत आमचा बाक एक, डबा एक. एका जागी ठरायची नाही म्हणून भिंगरी — आणि पुढे काय झालं बघ, ही भिंगरी जाऊन बसली बस स्टँडवरच्या त्या काचेच्या खोक्यात, माईकसमोर. अमुक गाडी तमुक फलाटावर लागलेली आहे. सगळ्या दुनियेला सांगते कुठली गाडी कुठे जाते, आणि स्वतः एकीतही चढली नाही. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, हिची तेवढीही नाही, ही कुंपणावर बसून दुसऱ्यांना रस्ता दाखवते. आवाज मात्र — आवाज चांगलाय तिचा, ते मान्य. काल उतरले तेव्हा कानावर पहिला तोच आला. लग्न उद्यावर आणि बाई कामावर! काचेबाहेरूनच म्हटलं, अगं रजा तरी घ्यायचीस. तर म्हणते, बदली माणूस गावांची नावं चुकतो. जसं काही हिने चुकीचं सांगितलं तर गाव उठून दुसरीकडे जाणार आहे!

आणि तो नवरदेव! तो पाहिलायस ना — पाहिला असशीलच, सगळं गाव त्याच्याकडूनच बर्फ नेतं. बर्फाचा कारखाना म्हणे. कारखाना! पाणी गोठवतो आणि विकतो, विकेपर्यंत त्यातलं निम्मं वितळतं, हा धंदा. पण वासरात लंगडी गाय शहाणी, इथे तो मोठा माणूस. मला न्यायला आला होता काल, टेम्पो घेऊन, मागून टपटप पाणी गळतंय. सीट तापली होती म्हणून साहेबांनी त्यावर ओलं पोतं अंथरलं. ओलं पोतं! मी उतरले तेव्हा मागून काय अवतार झाला होता ते विचारू नकोस. आणि हसत होता सारखा. मी दात करते ना — म्हणजे दाताच्या लॅबमध्ये काम आहे माझं, कवळ्या, कॅप, ब्रिज — मला माणसाचं आधी तोंड दिसतं, मग माणूस. खालचे पुढचे दोन एकमेकांवर चढलेत त्याच्या. असल्या दातांनी माणूस तोंड मिटून हसतो, थोडी तरी लाज असते. हा नाही. हा आपला उघडा, घळघळीत. म्हणतो, 'ती तुमच्याबद्दल खूप बोलते.' मी म्हटलं, काय बोलते? तर विचार करायला लागला! अख्खा रस्ता संपला तरी ह्याला आठवेना. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

हे काय, काढलेस? मग बघू आरसा — परत का गुंडाळतेयस? बसले नाहीत? बरं बाई, घामाने नसतील बसले. इथल्या हवेत केस काय, काहीच बसत नाही. पण चटाचट कर. खरं सांगू, मी येणारच नव्हते तुझ्याकडे, तिनेच सकाळी उठल्या उठल्या लॉजवर फोन करून पिटाळलं, आधी केस करून घे, मी सांगून ठेवलंय, मग ये घरी. फोटोत मैत्रीण झिपरी दिसायला नको ना! हे असलं कधी सुचत नव्हतं तिला, हे त्या बर्फाचं वळण.

तुला म्हणून सांगते. म्हणजे तू कोण माझी, पण तुला म्हणून सांगते. तिला यायचं होतं माझ्याकडे. दोघींचं ठरलं होतं — मी पुढे जायचं, काम बघायचं, खोली बघायची, मग हिने यायचं. मी गेले. काम बघितलं. घर बघितलं तेही दोन खोल्यांचं, मला एकटीला काय करायच्यात दोन? एकीत मी, दुसरी तिची. पलंग आहे, टेबल आहे, खिडकीला पडदा — निळा, तिला विचारून. गादीवरचं प्लास्टिक अजून काढलं नाहीये मी, धूळ बसते म्हणून. घरमालकीण म्हणते भाडेकरू ठेव त्या खोलीत. मी म्हटलं, आहे माणूस, येतंय. पहिल्या उन्हाळ्यात तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. ठीक, आई आहे. मग भावाचं घर बांधायला काढलं. मग हिला कायम करणार होते म्हणून थांबली. पण दर वेळी म्हणायची, पुढच्या उन्हाळ्यात नक्की. नक्की म्हणायची, माझे कान आहेत ना. आणि ह्या उन्हाळ्यात काय, तर फोनवर सांगते, अगं, माझं लग्न ठरलं, तू यायचंस हं. तू यायचंस! मीच!

हसतेस कशाला? बरं, नाही हसलीस. वाटलं मला.

तर आज संध्याकाळच्या गाडीची दोन तिकिटं काढलीत मी. दोन. खिडकीची तिला. आता असं डोळे विस्फारून आरशात बघू नकोस, मी काही तिला पळवून नेत नाहीये, लहान पोर नाही ती, चाळिशीला आलीय. घरी जाणार, तिला खोलीत घेणार, दार लावणार आणि विचारणार — तुला खरंच ह्या गळक्या टेम्पोत बसून जन्म काढायचाय? एवढंच. ती नाही म्हणणार, मला ठाऊक आहे. समोर बसून सांगितलं की पटतं तिला, लहानपणापासून पटतं. फोनवर नाही जमत हे, फोनवर कुणीतरी शेजारी असतं. लोक काय म्हणतील? म्हणू देत! इथल्या लोकांना दुसरं आहे काय? चार दिवस चघळतील, पाचव्या दिवशी दुसरं हाडूक. आणि त्याचं म्हणशील तर त्याला काय, त्याला उन्हाळाभर गिऱ्हाइकं आहेत. काळजी करू नकोस त्याची. माझी — म्हणजे तिची कर. काचेच्या खोक्यात बसून बसून तिचा आवाज तेवढा उरलाय, बाकी बाई कुठे राहिलीय? मी संध्याकाळी घरी येते ना, तेव्हा दुसऱ्या खोलीचा दिवा लावते. उगाच. बाहेरून दोन खिडक्यांत उजेड दिसतोय म्हटलं की बरं वाटतं. हे मी तुला का सांगतेय? मान खाली कर म्हणालीस? केली.

थांब. थांब जरा. कसला आवाज तो? बँड? कुणाचा बँड? आज ह्या गावात दुसरं लग्न — पडदा सरकव. अगं सरकव म्हणते ना! हा टेम्पो — हा तर त्याचाच टेम्पो, फुलं लावलीत त्याला, मेल्याने पाणी तरी पुसायचं. आणि मागच्या गाडीत — निघाली? एवढ्यात? मला न घेता? अगं सोड, हे काढ डोक्यावरचं, मला — कशी जाऊ अशी, अर्धं डोकं ह्या नळ्यांनी भरलेलं! तुला सांगितलं होतं ना लवकर कर, तुला सांगितलं होतं, आणि तू आपली काढतेयस, गुंडाळतेयस, काढतेयस, गुंडाळतेयस —

इकडे बघ. आरशात नाही, माझ्याकडे बघ. केस पहिल्यांदाच बसले होते ना?

बसले होते.

कोणी सांगितलं तुला? त्या बर्फवाल्याने? नाही? मग तिच्या भावाने असेल, तो पहिल्यापासून आतल्या गाठीचा — नाही? मान काय हलवतेस, तोंडाने बोल. तिनेच? स्वतः आली होती? काल? कामावरून थेट तुझ्याकडे. काय म्हणाली? नीट सांग, शब्द न् शब्द सांग. 'आम्ही निघेपर्यंत तिला बसवून ठेव.' बरं. आणि? 'ती समोर येऊन चल म्हणाली तर मी हो म्हणेन.' बघ! बघ, मी मघापासून काय सांगतेय तुला, तिला यायचंय, पोटातून यायचंय, म्हणून तर घाबरली — काय? संपलं नाही? अजून काय म्हणाली? बोल की. एवढं सांगितलंस, आता अर्ध्यावर कशाला अडतेस?

'तिला नाही म्हणायला मला कधी जमलंच नाही.'

असं म्हणाली. कधी जमलंच नाही. कधी म्हणजे कधीपासून गं? शाळेपासून? पडद्याचं मी विचारलं होतं, निळा घेऊ का, म्हणाली हो. दुसरी खोली तुला? हो. पुढच्या उन्हाळ्यात? हो. नक्की ना? नक्की. एकदाही — आठव म्हटलं तरी एकदाही नाही. म्हणजे ते सगळे हो —

नको. तू नको उत्तर देऊस, तुला कोण विचारतंय? तुझ्या आईसारखीच तू, पोटात काही ठेवता येत नाही. बघतेस काय? ड्रायर लाव. नाही, हा नाही, तो मोठा, डोक्यावरून येतो तो. गरम होऊ दे. अजून वाढव. वाढव म्हणते ना.