डब्यातला मारुती

...हात लावायचा नाही म्हणे! माझ्या घरात, मी फुलं विकून घेतलेल्या कॉम्प्युटरला मीच हात लावायचा नाही! का? तर आत पूर आलाय!

तुम्हाला सांगतो, आमचा पोरगा भारत इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. मित्रांनी प्रोजेक्टला पंप घेतला, कुणी जीपचा गिअर घेतला... यानं घेतला दुतोंड्या मारुती! हो, आपला रामकुंडावरचाच, ज्याच्या कमरेला पाणी लागलं की सराफ बाजार माल वर हलवतो, तोच! गोदावरीचा पूर त्याला वळसा कसा घालतो, मागं भोवरे कुठं पडतात, ते कॉम्प्युटरवर काढायचं. म्हटलं, अरे, पावसाळ्यात पुलावर उभा राहा, फुकटात दिसतं! तर म्हणतो, "पप्पा, पाण्याचे बारीक बारीक चौकोन करायचे, प्रत्येकानं शेजारच्याला विचारायचं, तुझ्याकडून किती पाणी आलं, माझ्याकडून किती गेलं... सगळ्यांचं जुळेपर्यंत मशीन बंद नाही करायचं." आता सांगा, आमच्या गल्लीत दोन शेजाऱ्यांचं नळाच्या पाण्यावरून आजवर जुळलं नाही, तिथं याचे लाखभर चौकोन कधी जुळायचे? लोडशेडिंगची बॅटरीसुद्धा पुरालाच, आम्ही घामात, अन् पोरगं दारात उभं : हात लावायचा नाही!

बरं, मारुती तरी दिसावा? पडद्यावर निळं-लाल पाणी अन् मधे नुसता गोल खांब! "हातपाय घेतले तर गणित पेलत नाही, पप्पा." ठीक आहे बाबा. पण हे आपल्यातच ठेवावं की नाही? माझ्या आईनं, गोजराबाईनं विचारलं, "काय रं, या डब्यात काय हाय?" अन् हा शहाणा म्हणतो, "आजी, मारुती आहे. पाण्यात उभा आहे."

झालं! शनिवारी सकाळी म्हातारी आंघोळ करून आली, माझ्या टोपलीतला रुईचा हार उचलला, डब्यावर ठेवला, अन् वरच्या जाळीतून तेलाची धार... खर्रर्र... फट्! ओसरला पूर!

भारत धावत आला, "आजीऽ! हात लावू नको म्हटलं होतं ना!" तर आई काय म्हणते? "म्या कुठं लावला? बाईमाणसानं मारुतीला हात लावू नाय, येवढं कळतं मला. वरूनच सोडलं!"

पोरगं मटकन खाली बसलं. रडलं हो! सोमवारी परीक्षा, अन् सगळा निकाल तेलात! म्हटलं, दुसरी कॉपी असेल ना? असेल कशी, तीही त्याच डब्यात! फ्लॉपीत पूर मावत नाही म्हणे! दुरुस्तीवाल्या वाल्मीकला बोलावलं. त्यानं झाकण उघडलं, आत तेल, रुईचं पान... गडी उठला, चपला बाहेर काढून आला, नमस्कार केला अन् म्हणतो, "काका, आज शनिवार. आज मी याला हात लावायचा नाही!"

सोमवारी मास्तर विचारतात, "भोवरे कुठंयत?" हा म्हणाला, "सर, आजीनं तेल घातलं." सगळे हसले, अन् याला सांगितलं, सहा महिन्यांनी या!

डबा भंगारात द्यावा म्हटलं, तर आई आडवी, शेजारची भागीबाई शेंदूर घेऊन हजर. आता दर शनिवारी घरात बायांची रांग. माझं पोरगं नापास होऊन तिथंच खाटेवर पालथं पडलंय, अन् त्याच्या उशाशी उभ्या राहून या बाया नवस काय बोलतात? "मारुतीराया, आमचं पोरगं पहिल्या फटक्यात इंजिनीअर होऊ दे!"