मिस्त्रीचा चेहरा

(इंदूर, छत्रीबाग. दुपार. बाहेरच्या खोलीत तिघे: मुकुल, त्याची बायको अरुंधती आणि मुंबईहून आलेला दिग्दर्शक पुष्कर. मुकुल उभा आहे.)

पुष्कर : दादा, तुम्ही आधी बसा बरं. असं उभ्याउभ्या नाही सांगता यायचं मला.

मुकुल : अरे, तू सांग ना, मी ऐकतोय. आल्यापासून पोह्यांची तारीफ करतोस, ट्रॅफिकची बुराई करतोस. मुंबईहून विमानाने येऊन पोह्यांची तारीफ कोण करतं, भिया?

अरुंधती : पुष्करजी, ते नाही बसणार. तुमची सिरीयल संपली तेव्हापासून असंच चाललंय. जेवतानासुद्धा दोनदा उठतात. गच्चीवर जातात, खाली येतात, परत वर. परवा चांगला चालणारा मिक्सर खोलून ठेवला.

मुकुल : आवाज करत होता.

अरुंधती : मिक्सर आवाजच करतो.

पुष्कर : वहिनी, तुम्हीही बसा. दोघांनी ऐकावं असं आहे. आपल्या 'दूरयान' मालिकेचा सिनेमा होतोय हे तर तुम्हाला ठाऊकच आहे.

मुकुल : पेपरमध्ये आलं ना. की टीव्हीवर आता पुढे नाही, सीधा मोठा पडदा. आणि यानावरच्या मिस्त्रीचं, म्हणजे माझं, हेल्मेट पहिल्यांदा उघडणार. अख्ख्या मोहल्ल्याने वाचलंय.

अरुंधती : देपालपुरात माझ्या भावाने तर सगळ्यांना सांगून टाकलं. विजय नगरच्या मॉलमध्ये बस भरून माणसं आणणार म्हणतो. सहा वर्षं हे टीव्हीवर, पण सगळी त्या हेल्मेटच्या डब्याच्या आत. आता कुठे तोंड दिसणार.

पुष्कर : तोंड दिसणार आहे, वहिनी. पण दादांचं नाही.

अरुंधती : म्हणजे?

पुष्कर : मिस्त्रीचं काम दुसरा नट करतोय. मोठा आहे. नाव सांगायची मला परवानगी नाही. निर्मात्यांचं म्हणणं असं, की प्रेक्षक दोन तास ज्या चेहऱ्याची वाट बघणार, तो त्यांच्या ओळखीचा असायला हवा.

मुकुल : हां. ठीक.

अरुंधती : ठीक काय?

मुकुल : अगं, लॉजिक आहे त्यात. माझं थोबाड कोणाला माहीत आहे? भाजीवाला मान वर पण नाही करत. भेंडी मागितली की मग चमकतो. 'अरे, मिस्त्री, आप?' आवाज ऐकून, तोंड बघून नाही. सराफ्यात एकाने माझ्यासोबत फोटो काढला, आणि मग मलाच विचारतो, वोई हो ना, पक्का?

पुष्कर : त्यासाठीच आलोय, दादा. आवाज त्यांना तुमचाच हवाय.

मुकुल : काय म्हणालास?

पुष्कर : चेहरा त्याचा आणि आवाज तुमचा. त्याला ही इंदुरी बोली जमत नाही. शिकवणी लावली, सगळं केलं. थोडा भाग काही लोकांना दाखवला तर ते हसले. नको तिथे हसले. शेवटी कुणीतरी तुमचा जुना आवाज लावून बघितला, तर कुणी हसलं नाही.

अरुंधती : म्हणजे परत डब्यात. आधी निदान हातपाय तरी यांचे होते.

मुकुल : चाल कोण करतंय? मिस्त्री डावा पाय ओढतो, ते स्क्रिप्टमध्ये नव्हतं, हं. माझा गुडघा आहे तो. एमआर होतो तेव्हा औषधांची बॅग घेऊन लूनावरून पडलो होतो.

पुष्कर : एक स्टंट करणारा मुलगा आहे. तुमचे एपिसोड बघून बसवतोय.

मुकुल : त्याला सांग, वजन उजव्या पायावर टाक. नाहीतर कंबर जाईल बिचाऱ्याची.

अरुंधती : तुम्ही त्यांना शिकवताय कशाला?

मुकुल : बरं, नाही शिकवत. पुष्कर, तो सीन सांग. हेल्मेटचा.

पुष्कर : यान परततं. इतकी वर्षं गेलीत की मिस्त्री मेला असंच सगळ्यांनी धरलंय. तो गल्लीतून घरापर्यंत चालत येतो, दार वाजवतो. बायको उघडते. तिला कळत नाही हे कोण. मग तो हेल्मेट काढतो.

मुकुल : आणि बोलतो काय?

पुष्कर : एकच वाक्य. 'देख क्या री है, चाय चढ़ा.'

मुकुल : कोणी लिहिलं?

पुष्कर : मी.

मुकुल : देख क्या री है... नाही. पहिले थांबेल तो. श्वास घेईल, इतक्या वर्षांनी उघडी हवा लागतेय. देख क्या री है. चाय चढ़ा.

अरुंधती : इथे नका करू.

मुकुल : का?

अरुंधती : नका करू म्हटलं ना.

मुकुल : बरं. पुष्कर, तू सेटवर त्या हीरोला घाई नको करू देऊस, बस. तू असलास की मला टेन्शन नाही.

पुष्कर : दादा, सिनेमा मी करत नाहीये.

मुकुल : काय बोलतोस?

पुष्कर : दिग्दर्शक दुसरा आहे. मालिका करणाऱ्याला मोठा पडदा झेपत नाही, असं ठरलं त्यांच्यात. मला सल्लागार म्हणून ठेवतायत.

अरुंधती : ठेवलंय, की ठेवतायत?

पुष्कर : दादांचा होकार आणला, तर.

अरुंधती : असं आहे होय.

पुष्कर : वहिनी, मी हे न सांगताही विचारू शकलो असतो. दादा, तुम्ही नाही म्हणालात तर मला राग येणार नाही. मी संध्याकाळच्या विमानाने जाईन. ते दुसरा कुणी इंदुरी माणूस शोधतील.

मुकुल : नाव येईल माझं?

पुष्कर : येईल. शेवटी.

मुकुल : लोक पार्किंगमध्ये पोचल्यावर.

पुष्कर : हो, तसंच म्हणा.

मुकुल : सुरुवातीला पाहिजे. त्याचं नाव येईल, त्याच्या बरोबर खाली माझं. मग मी आहे.

पुष्कर : विचारून बघतो.

मुकुल : विचारू नको, सांग. नाहीतर त्यांना म्हण, तुमच्या हीरोला इंदौरी शिकवत बसा. जा, ओट्यावर रेंज चांगली येते.

अरुंधती : गेले ते. आता मला सांगा, त्या सिनेमावाल्यांनी काय केलंय तुमच्यासोबत, कळतंय ना तुम्हाला?

मुकुल : कळतंय.

अरुंधती : मग? पुष्करजींची नोकरी वाचावी म्हणून?

मुकुल : त्याचंही आहे थोडं. तो नसता तर मी आजही औषधंच विकत असतो. पण खरं सांगू? मला करायचंय. त्या दिवशी सूट कपडेपटात जमा केला आणि घरी आलो, तेव्हापासून आत काहीतरी नुसतं उभं आहे, अरू. बसतच नाही. आत्ता ते वाक्य म्हटलं ना, तेवढ्यापुरतं बसलं.

अरुंधती : बघितलं मी.

मुकुल : नाही म्हणेन. इज्जत राहील. पण ती इज्जत घेऊन दिवसभर घरात करू काय?

अरुंधती : सहा वर्षं मी लोकांना सांगतेय, आत हे आहेत. आईला तर शेवटपर्यंत पटलं नाही. म्हणायची, काहीतरीच, तो डबा आहे. मला वाटलं होतं, एकदा सगळ्यांसमोर उघडेल. बाकी काही नको होतं मला.

मुकुल : मलाही तेच हवं होतं.

अरुंधती : तुम्ही तर 'ठीक' म्हणालात.

मुकुल : मग काय म्हणणार? तो पोरगा बिचारा खाली बघून बोलत होता.

पुष्कर : दादा, झालं. आधी नाही म्हणाले. मग मी म्हटलं, तर मीही नाही. मग कबूल झाले. सुरुवातीला येईल नाव. त्याच्या खाली, वेगळं.

मुकुल : तू नाही म्हणालास?

पुष्कर : बोलून तर गेलो. वहिनी, जरा पाणी द्याल?

अरुंधती : बसा. पाणी आणते.

मुकुल : मुंबईला कधी यायचं?

पुष्कर : यायची गरज नाही. इथेच विजय नगरला एक स्टुडिओ घेतलाय. पुढच्या आठवड्यात.

मुकुल : अच्छा. इथेच. म्हणजे सेट नाही, युनिट नाही. काच, माईक आणि मी.

पुष्कर : हो.

मुकुल : चलो. अरू, ऐकलंस? दुपारी जेवायला घरी येईन.

अरुंधती : ऐकलं. देपालपूरला मी कळवते.

मुकुल : काय कळवशील?

अरुंधती : जे आहे ते. यायचं तर या, नाहीतर नका येऊ.

मुकुल : आणि तू? तू येशील ना?

अरुंधती : येईन की. त्याने हेल्मेटला हात लावला की मी डोळे मिटून घेईन. तुम्ही बोला.