दुसऱ्या डोसचा शनिवार

—छे हो काका, काही झालं म्हणून नाही बसवलं तुम्हाला. फ्लूची लस घेतली की पंधरा मिनिटं फार्मसीतच थांबायचं, नियमच आहे. मुलगा येईल की न्यायला, फ्लॅट बुशला तर घर तुमचं, ते काय लांब आहे! बसा. मराठी माणसं येतात इथे, हीप्स — ढिगानं येतात, पण सगळी घाईत. मी विभावरी, मूळची नाशिकची. तुम्ही कुठले? — बघा, हे असं विचारायचं असतं ना आधी? कुठले, कोणाचे? आणि या काउंटरमागे उभी राहून मीच ते विसरले होते.

इथे एक माओरी आजी आहे, नॅन म्हणतात तिला सगळे. गोवराची साथ आली तेव्हा पाच मोको घेऊन आली — मोको म्हणजे नातवंडं — नुसती चौकशीला. मी काय केलं? फॉर्म पुढे सरकवला. जन्मतारीख, पत्ता, घरात माणसं किती. ती उठली आणि पोरांना घेऊन चालती झाली. मला असा राग आला! फुकट लस, घराजवळ, तरी नको यांना! मग दुसऱ्यांकडून कळलं — तिच्या धाकट्या भावाला लहानपणी सरकारी माणसं घरातून घेऊन गेली होती, तीही असाच फॉर्म भरून. आता तुम्हीच सांगा, कशाला विश्वास ठेवेल ती?

मग गेले मी तिच्या घरी. जॅण्डल्स — चपला हो — दाराबाहेर काढल्या, खाली बसले आणि आधी माझंच सांगितलं — नाशिक, आईवडील, गोदावरी, नातू. त्यांच्यातही आपला डोंगर, आपली नदी सांगूनच ओळख करून देतात, माहितीय? मग तिनंही भावाचं सांगितलं. शेवटी एवढंच विचारलं — तुझ्या नातवाला दिलीस का? म्हटलं, दिली की, माझ्या हातानं टोचली. दुसऱ्या दिवशी पाचही पोरं इथे हजर. आणि तिच्या शब्दावर शेजारची आणखी सहा.

हो, झाली तुमची पंधरा मिनिटं, पण बसा हो जरा, मुलाचा फोन येईपर्यंत.

नातू आहे मला, खोटं नाही ते. वेलिंग्टनला असतो, दीड वर्षाचा. फक्त — पाहिला नाही मी त्याला. माझी श्रिया फोनच उचलत नाही, तीन वर्षं झाली. बाळ झाल्याचं दुसऱ्यांकडून कळलं. त्याला लस दिलीय की नाही, मला काय माहीत? चूक माझीच. जावई माओरी आहे. मी त्याच्या लोकांबद्दल जे बोलले — नको, ते तुमच्यासमोर नको — आणि लग्नालाही गेले नाही. आणि आता त्याच लोकांतल्या आजीला तोंड वर करून सांगते, माझ्या हातानं टोचली! फार एकटं वाटतं हो काका. आठवडाभर फार्मसी असते, पण रविवारी घर खायला उठतं. श्रियाचा नंबर लावते, रिंग ऐकते, ठेवून देते.

आज गोवराचा दुसरा डोस. अकराही पोरं यायचीत. आणि सकाळी नॅनचा मेसेज — तुझ्या मोकोचा फोटो दाखव आज. कुठला दाखवू? दुसऱ्या कुणाचा तरी दाखवला तर तिला काय कळणार आहे? सगळं सुरळीत होईल. खरं सांगितलं तर ती उठेल, तिच्यामागे अकरा पोरं उठतील, आणि इथल्या शाळेत पुन्हा गोवर निघालाय. गप्प बसणंच शहाणपणाचं, नाही का? — पण ती माझ्यासमोर भावाचं सांगताना रडली होती, काका. मी काय दिलं तिला त्या बदल्यात?

आलीच बघा, व्हॅनमधून उतरतायत सगळे. — किया ओरा, नॅन! ये, ये! — नाही, सुया नंतर. आधी तुला एक खरं सांगायचंय. तुम्हाला सांगायला निदान मराठी तरी होतं, तिला इंग्रजीत सांगायचंय. उठा आता काका, बाहेर बाकावर ऊन छान आहे, मुलगा तिथेच येईल. उठा ना. ती खुर्ची तिला लागेल.