वसुंधरा मॅडमची नोकरी

स्नेहल : आणि तळोज्याच्या कारखान्यासाठी मी कोण?

परेश : कोमल. त्यांचा गेटपासचा प्रोग्राम कोमल बघते. किती वेला सांगू?

स्नेहल : सकाळी मी त्यांना वसुंधरा म्हणून उत्तर पाठवलं.

नोमान : ते निस्तरलं मी. कळवलं, कोमल मॅडम रजेवर आहेत, म्हणून वसुंधरा मॅडमनी मदत केली. वर शाबासकी मिळाली. काय टीम आहे तुमची, म्हणाले.

स्नेहल : टीम. मेडिकलच्या वरच्या खोलीत आपण तीन टाळकी.

परेश : तीन सांगितली असती तर काम कोन देत होता? पयलं दीड वरीस मना कोनी दारात उभं केलं नाय. कोन गावचा पोरगा, जमिनी इकून खानारा, हा काय सॉफ्टवेअर करनार? आठ मानसांची नावं लिवून दिली, तवा खुर्ची मिलाली बसाला.

स्नेहल : त्या आठांतली पाच मी आहे, दादा. सोमवारी दवाखान्याच्या अपॉइंटमेंट अडकल्या, मंगळवारी शाळेचे निकाल, काल जासईचं कंटेनर यार्ड, आज तळोजा. प्रत्येकाला वाटतं, त्यांच्यासाठी एक बाई दिवसभर मोकळी बसलीय.

परेश : शनवारपरत काढ. मंग बघू.

स्नेहल : मला निघायचंय.

परेश : जा ना. चारला जा आज.

स्नेहल : कायमचं म्हणतेय. जासईच्या यार्डातून नोकरीचं पत्र आलंय. त्यांचा स्वतःचा आयटी विभाग काढतायत. एक काम, एक टेबल, रविवारी सुट्टी. चार वर्षांत मी एकाही रविवारी घरी जेवले नाहीये.

नोमान : अरे, मुबारक हो. कधीपासून?

स्नेहल : पत्र वसुंधराच्या नावाने आलंय.



नोमान : तौबा. आणि तुझी सर्टिफिकेटं?

स्नेहल : सगळ्यांवर स्नेहल. त्यांनी मला कधी पाहिलेलं नाही, सगळं चॅटवरच. पण यार्डाचे दयारामसाहेब, माणूस चांगला आहे. उद्या जाते, समोर बसून खरं सांगते.

परेश : नको जाऊस.

स्नेहल : का?

परेश : सकाली फोन आलता त्यांचा. तू यायच्या आदी. इचारत होते, वसुंधराला आमी घेतली तर चालंल का.

स्नेहल : मग? काय म्हणालात तुम्ही?

परेश : बोल्लो, तिचं लगीन ठरलं. दुबईला चालली. कालचा तिचा शेवटचा दिवस व्हता.

स्नेहल : मला न विचारता लग्न लावून दिलंत माझं.

परेश : तुजं नाय. वसुंधराचं.

स्नेहल : दादा, मला तुमचा इतका राग आलाय ना, की रडू येतंय. आणि तळोज्याचं काम पाचच्या आत द्यायचंय.

परेश : घाबरलो मी. तू गेलीस का पाच मानसं जातात एकदम. कोन ऱ्हातं मंग?

नोमान : परेशभाई, हे बरं नाही केलंत. स्नेहल, तू तरीही सांग त्यांना.

स्नेहल : काय सांगू? वसुंधरा नव्हतीच? मग ते विचारणार, बाकीचे सात कुठे आहेत. दवाखान्याचं काम त्यांच्याच शब्दावर मिळालं, तळोज्याचंही. सगळं एका दिवसात जाईल. आणि रुमानाला आठवा महिना आहे.

नोमान : माझ्या बायकोचं नाव मध्ये आणू नकोस. आम्ही निभावून नेऊ, इन्शाअल्लाह.

परेश : सांग तू, बाय. चुकी माजी हाय. मी पन येतो संगती, काय बोलाचं ते मना बोलू दे.

स्नेहल : खरंच याल?

परेश : आताच चल. गाडी काढतो.

नोमान : एक मिनिट. यार्डाचा मेसेज आलाय. गेटवर ट्रकची नोंद होत नाहीये, स्क्रीन कोरा. रांग पार हायवेवर गेलीय. दयारामसाहेबांनी लिहिलंय, वसुंधरा मॅडम तर गेल्या, आता आमचं कोण बघणार?

परेश : तू बघ ना.

नोमान : मला त्यातलं काही येत नाही, भाई. सगळं हिने एकटीने लिहिलंय.

स्नेहल : सरक. कळलं मला, कालच्याच बदलाने झालंय. दहा मिनिटं लागतील. तसं कळव त्यांना.

नोमान : कळवलं. विचारतायत, काम कोण करतंय. स्नेहल, लिहू का खरं? यापेक्षा चांगली वेळ मिळणार नाही.

स्नेहल : तिकडे ड्रायव्हर उन्हात उभे आहेत. ते आधी सुटू देत.

नोमान : मग आता काय लिहू? नाव मागतायत.

परेश : तुजंच दे ना, बाय. नवीन मानूस म्हनून. स्नेहल लिव.

स्नेहल : स्नेहल दवाखान्याला दिलीय तुम्ही. नोमान, लिही, कुमुद. आजच लागलीय, सांभाळून घ्या.