बोगद्यापुरती भिंत

— भोक नाही, मिस्त्री, बोगदा. भोक उंदीर पाडतो. तुम्ही भिंत घालणार या कुंड्यांपासून त्या पाण्याच्या टाकीपर्यंत, उंची डोक्याच्या वर, पलीकडचं टक्कल मला दिसता कामा नये — आणि त्या भिंतीत जमिनीलगत, जिथून हे रूळ जातात तिथे, एक बोगदा ठेवायचा. वर कमान, कमानीला दगडी तोंड. हसताय? हसा. उभा जन्म वार्ताहरकीत गेला माझा. मोठमोठे लोक माझ्यासमोर असेच हसायचे आणि दुसऱ्या दिवशी पेपर उघडून डोक्याला हात लावायचे.

खेळणं? कोण म्हणालं खेळणं? उचला, उचला ते इंजिन. — अहो, कंबर सांभाळा! — हां, आता म्हणा खेळणं. कोचाखाली फिरणारी पोराटोरांची आगगाडी नाही ही. उन्हापावसात धावते, बारा डबे ओढते. शेजारचं मांजर एकदा रुळांवर आडवं पडलं होतं, आता रूळ ओलांडताना दोन्हीकडे बघतं. तर पलीकडे राहतो तो माझा धाकटा भाऊ. सख्खा. आवार दोघांचं, रूळ दोघांनी टाकले. आम्ही नुसत्या गोल गोल गाड्या फिरवत नाही, ते काम फिरत्या पाळण्याचं. आमचं नियोजन असतं. त्याच्या बाजूला कोळशाची खाण, माझ्या बाजूला वीजघर — ते नाही हो, ती कुत्र्याची जुनी पेटी, वीजघर तिच्या मागचं, धुराडं आहे ते. खाणीतून भरलेले डबे इकडे येणार, इकडून रिकामे तिकडे जाणार. प्रत्येक डब्याला चिठ्ठी, कुठून कुठे. आणि लाइन एकच, म्हणून गाडी सोडण्याआधी फोन करायचा. "दादा, लाइन मोकळी आहे का?" तो मला समोर दिसतोय, मी त्याला दिसतोय, हाक मारली तर दोन्ही घरांतल्या बायका ओ देतील — तरी फोन. नियम म्हणजे नियम.

आणि दुसरा नियम — हात लावायचा नाही. डबा घसरला तर दोन बोटांनी उचलून रुळावर ठेवता येतो की नाही? येतो. पण ठेवायचा नाही! मग काय करायचं? क्रेन मागवायची. ती बघा, कोपऱ्यात उभी आहे ती. मी स्वतः बनवली. हात वर-खाली होतो तिचा — म्हणजे व्हायला हवा होता, पण सांध्याला डाग देताना जरा जास्तच पक्का बसला, तेव्हापासून वरच आहे. धाकट्यानं तिचं नाव ठेवलं जिराफ. त्याच्याकडे डबा घसरला की फोन यायचा, "दादा, जिराफ पाठव." मी इंजिन तापवायचो, जिराफ जोडायचा, वळसा घालून न्यायचा. एक डबा उचलायला सगळी दुपार जायची. भावजय म्हणायची, या दोघांना कोणी खरी नोकरी देऊ नका रे. चांगले दिवस होते — म्हणजे, ठीक होते. लिहून घ्या माप, काय ऐकत बसलात?

भांडण कशावरून? कपलरवरून. डबा डब्याला ज्यानं जोडतात तो. तुम्ही हसण्याआधीच सांगतो, जगात याहून फालतू कारणांवरून माणसं कोर्टात गेलेली मी छापली आहेत. गाड्यांबरोबर येतो तो कडी आणि हूक. दिसायला कसा? शर्टाला बटणाऐवजी सेफ्टी पिन लावल्यासारखा. पण सुटत नाही, हे मान्य. रूळ खाटेसारखे वाकडे असले तरी सुटत नाही. मी म्हटलं, आता आपण मोठे झालो, खऱ्या रेल्वेला असतो तसा पंजा लावू. अशा दोन मुठी एकमेकींत अडकल्यासारखा — हात द्या तुमचा — असा. डबा नुसता टेकवला की खट्कन जुळतो, आणि सोडायचा तर कळ दाबली की सुटतो. देखणा. धाकटा म्हणतो, "दादा, देखणा आहे, पण माझ्या चढावर टिकणार नाही. उंची जरा चुकली की निसटेल." हा मला शिकवणार! याला सायकल मी शिकवली. मी माझ्या सगळ्या डब्यांना पंजे लावून टाकले. त्यानं कडीच ठेवली. झालं, माझी गाडी त्याच्या गाडीला जुळेना.

पुढे काय विचारता? पुढे तो रविवार. त्याच्याकडे त्याच्या लेकीच्या सासरची माणसं आलेली, व्याही-विहीणबाई, सगळी बागेत चहा घेत बसलेली. मी फोन केला — लाइन मोकळी? — मोकळी. सोडली गाडी. अख्खी गाडी पंजाची, बारा डबे, माझ्या इंजिनानं थेट खाणीपर्यंत नेलेली, कोळसा म्हणून खडी भरून परत निघालेली. काय दिसत होती, मिस्त्री! चढाच्या अगदी माथ्यावर इंजिन पोचलं आणि मागचे सात डबे म्हणाले, तुम्ही व्हा पुढे. उलटे सुटले ते थेट व्याह्यांच्या खुर्चीखाली. व्याही उडाले, चहा उडाला, खडी विहीणबाईंच्या चपलेत. एक पंजा नखभर खाली होता — होता म्हणजे, असेल, मी मोजलं नाही. मोजलं, पण नंतर. आणि धाकटा? पोट धरून हसला. हसला तेही चालवून घेतलं असतं. पण सगळ्यांसमोर म्हणाला, "दादा, जन्मभर दुसऱ्यांच्या चुका छापल्यास, आता ही छाप."

व्याह्यांसमोर.

मी म्हटलं, भिंत घालतो. तो म्हणाला, घाल. म्हणून तुम्ही आलात. दोन महिने एक गाडी सुटलेली नाही. बघा ना रुळांवर पानं किती साचली आहेत. त्याच्या बाजूचे रूळ मात्र झाडलेले असतात, रोज सकाळी झाडतो, मी त्या दाट झाडामागून — म्हणजे, झाडाला पाणी घालताना दिसतं. सहज.

मग बोगदा कशाला? हा काय प्रश्न झाला? माझ्या वीजघराला कोळसा नको? आणि वहिवाट आहे ती! उद्या कोणी म्हणालं तुम्ही रूळ सोडून दिलेत, तर? मी गाडी नेईन न नेईन, हक्क सोडायचा नाही. तत्त्वाचा — काय पडलं? खिशातून? द्या इकडे. काही नाही. कडी-हूक आहे. हो, त्याच्यासारखाच. हो, मीच आणला. एकच आहे, ओरडू नका! एका डब्याच्या एका टोकाला लावून बघणार होतो. एका टोकाला माझा पंजा, दुसऱ्या टोकाला त्याची कडी. असा एक डबा मधे असला की कुणाचीही गाडी कुणालाही जुळते. माघार नाही ही. तांत्रिक सोय आहे. पलीकडे बोलाल तर तुमचं बिल असं तपासेन की —

कुठे? पलीकडे कधी गेला होतात? सकाळी? पाया बघायला. बरं. काय म्हणाला? नाही, मला ऐकायचं नाही. काय म्हणाला? — त्यानं पण सांगितलं? बोगदा? बघा, चोर! माझी कल्पना! केवढा सांगितला? असं नाही, हातानं दाखवा. जमिनीपासून. — एवढा? मांडीपर्यंत? अहो, त्याच्या गाड्या गुडघ्याखाली राहतात, सगळ्यात उंच इंजिन धरलं तरी. मी दिलेल्या मापात त्याचं सगळं आरामात जातं, माझेही डबे जातात. एवढा उंच त्याला कशाला लागतोय, हत्ती पाळणार आहे? — काय म्हणाला? जशाच्या तसं सांगा, शब्द बदलू नका.

"दादाचा जिराफ अडकता कामा नये."

असं म्हणाला?

मी दिलेलं माप काय होतं? पुन्हा वाचा. — नाही बसत. जिराफ नाही बसत त्यात. माझा जिराफ, आणि मीच —

आणखी काय म्हणाला? काहीच नाही? नुसतं माप?

हं.

ऐका, मिस्त्री. भिंत होणार. त्यात बदल नाही, मी शब्द फिरवणारा माणूस नाही. पण पाया खणायचा नाही अजून. आधी बोगदा बांधा. नुसता बोगदा, इथे, मोकळ्यावर. कमान, दगडी तोंड, सगळं. मग भिंतीचं बघू. — कधी म्हणजे? बोगदा नीट वाळायला नको? पाणी मारावं लागेल त्याला, महिना लागेल, वर्ष लागेल, तुमच्या सिमेंटचा मला भरवसा नाही. — भिंतीशिवाय बोगदा कुठे असतो? आमच्याकडे असतो. माप त्यानं दिलंय तेच धरा. आणि माझं खोडा. तसं नाही, चांगलं गिरवून खोडा, वाचता येता कामा नये.

आता निघा. मला फोन करायचाय. हो, दिसतोय तो मला, टाकीपाशीच उभा आहे झाडू घेऊन. म्हणून काय झालं? फोनच करणार. — निघा म्हटलं ना.